शिकवणी प्रोग्रामच्या आतच हवी

यूट्यूबवर एवढे व्हिडिओ असताना मुक्त स्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रोग्रामच्या आत परस्परसंवादी, म्हणजे स्वतः करत शिकण्याची, शिकवणी घालण्याचा खटाटोप कशाला, असे काहींचे मत असते; ते मला पटत नाही. अमळनेरच्या एका छपाईवाल्या काकांना लग्नपत्रिकांसाठी इंकस्केप हा चित्रे काढण्याचा प्रोग्राम शिकवताना माझ्या लक्षात आले, की व्हिडिओतल्या आणि त्यांच्या संगणकावरच्या आवृत्तीत बटणांच्या जागा वेगळ्या असल्या, की माणूस तिथेच अडतो. इंकस्केपचे मदत मेनूतले धडे एसव्हीजी (इंकस्केपच्या चित्रांच्या) फायली म्हणून प्रोग्राममध्येच उघडतात आणि त्यांतल्याच आकृत्या ओढून, फिरवून सराव करता येतो, परंतु पायरी बरोबर झाली की नाही, हे त्या धड्याला कळत नाही. गिंप या चित्रे-फोटो सुधारण्याच्या प्रोग्रामच्या ३.० आवृत्तीच्या स्वागत खिडकीत नव्या सोयींच्या यादीतील काही ओळींवर क्लिक केल्यास ती सोय पडद्यावर कुठे आहे ते उजळून दाखवले जाते, आणि माझ्या मते सुरुवात अशीच व्हावी.

फक्त एक पथ्य पाळावे. धड्याची पायरी बटणावरच्या मजकुराशी न बांधता त्याच्या अंतर्गत नावाशी, म्हणजे क्यूटी या प्रोग्रामच्या खिडक्या-बटणे बनवण्याच्या साधनसंचात ऑब्जेक्टनेमशी, बांधावी. अन्यथा मराठी भाषांतरात एक शब्द सुधारला तरी धडा बंद पडेल. धड्याचा मजकूरही इतर मजकुराबरोबर पीओ फायलींतच (भाषांतरे ठेवण्याच्या फायलींत) ठेवावा, म्हणजे भाषांतरकारांना वेगळी वाट शोधावी लागणार नाही.