टेलिकॉम फील्ड इंजिनिअरसाठी अर्ज (रत्नागिरी-कुडाळ पट्टा): तयारी कशाची करू?

मांडवीकर:
अणुविद्युत व दूरसंचार शाखेची पदवी यंदा हातात आली. आपल्या पट्ट्यात फायबर आणि टॉवर देखभालीच्या जागा निघाल्यात. रेझ्युमेत कॉलेजचा प्रोजेक्ट सोडून काय लिहू? तांत्रिक फेरीत काय विचारतात? जाहिरातीत ‘थर्ड पार्टी पेरोल’ (काम एका कंपनीचं, पगार दुसऱ्या एजन्सीकडून) लिहिलंय, त्यात काय बघायचं?

जांभा:
‘मेहनती, टीममध्ये काम करणारा’ या ओळी काढून टाका. कुठलं मशीन हाताळलंय ते लिहा: स्प्लायसर (फायबर जोडायचं मशीन), ओटीडीआर (फायबरमध्ये कुठे, किती अंतरावर लॉस आहे ते दाखवणारं यंत्र), पॉवर मीटर (प्रकाशाची पातळी मोजणारा). दुचाकीचं लायसन्स असेल तर ते वरच टाका, इथे त्याला फार किंमत आहे.

फायबरचा हिशेब कागदावर करून दाखवता आला पाहिजे. 30 किमी लिंक, प्रकाशाची तरंगलांबी 1550 नॅनोमीटर, लॉस (सिग्नलची घट) किमीला 0.22 डीबी, म्हणजे 6.6. केबलचे ड्रम 2 किमीचे धरले तर मध्ये 14 जॉइंट, प्रत्येकी 0.05 धरून 0.7. दोन टोकांचे कनेक्टर 0.5 प्रमाणे 1. एकूण 8.3 डीबी. प्रत्यक्षात 12 आले तर कुठे शोधाल, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच.

त्याचं उत्तर: 1310 आणि 1550 या दोन्ही तरंगलांबींवर ओटीडीआरचा ट्रेस (आलेख) घ्यायचा. एकाच ठिकाणी 1310 ला लॉस कमी आणि 1550 ला बराच जास्त दिसला तर फायबर कुठेतरी वाकलीय, बहुधा जॉइंट बॉक्समध्ये. दोन्हीकडे सारखाच दिसला तर स्प्लाइस (फायबरचा जोड) खराब.

आणखी एक. ओटीडीआर बिघाड 11.4 किमीवर दाखवतो म्हणून रस्त्यावर 11.4 किमी मोजून खणू नये. प्रत्येक चेंबरमध्ये केबलचे वेटोळे सोडलेले असतात, शिवाय केबलच्या आत फायबर पीळ घेऊन जाते, त्यामुळे रस्त्यावरचं अंतर कमी भरतं. ट्रेसमध्ये ओळखू येणाऱ्या, बिघाडाच्या सगळ्यात जवळच्या जॉइंटपासून मोजायचं. हे सांगता आलं की समोरच्याला कळतं, उमेदवाराला साइटचं काम समजतं.

कुडाळ_टॉवर:
टॉवरच्या बाजूचं सांगतो. पॉवर प्लँट उणे 48 व्होल्ट डीसी. बॅटरीचे 2 व्होल्टचे 24 सेल, फ्लोट (बॅटरी भरलेली ठेवणारा व्होल्टेज) सेलमागे साधारण 2.25 म्हणजे एकूण 54 व्होल्ट. धन टोक अर्थ का करतात, हे विचारतातच: गंज कमी व्हावा म्हणून.

कोकणासाठी खास प्रश्न पावसाचा. मायक्रोवेव्ह लिंक (दोन टॉवरमधला डिशचा रेडिओ दुवा) जुलैत का पडते? फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितका पाऊस सिग्नल जास्त खातो, म्हणून 23 गिगाहर्ट्झ छोट्या हॉपला (टॉवर ते टॉवर टप्प्याला) आणि लांबच्या हॉपला 7. पडताना थेंब आडवे चपटे होतात, त्यामुळे आडव्या पोलरायझेशनचं (लहरीच्या कंपनाची दिशा आडवी असलेल्या सिग्नलचं) नुकसान उभ्यापेक्षा जास्त. पाऊस थांबल्यावर पातळी परत आली तर तो रेन फेड (पावसाने आलेली तात्पुरती घट). नाहीच आली तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय किंवा डिश हललीय, हे तपासा.

मांडवीकर:
टॉवरवर चढावं लागेल का?

कुडाळ_टॉवर:
बऱ्याचदा रिगर (टॉवरवर चढून काम करणारा कामगार) चढतो, पण ‘चढणार नाही’ असं फॉर्ममध्ये लिहू नका. उंचीवरच्या कामाचं प्रशिक्षण आणि दोन लॅनयार्डचा (अडकवायच्या दोरांचा) हार्नेस म्हणजे सुरक्षा पट्टा कोण देणार, ते आधी विचारा. ते मिळाल्याशिवाय एक पायरीही चढू नका.

खाडीपलीकडे:
पेरोलबद्दल. ऑफर लेटर कोणाच्या नावाने येतंय ते बघा, पगार आणि पीएफची पहिली जबाबदारी त्या कंपनीची. पीएफ, पेट्रोल भत्ता, रात्रीचा कॉल आणि अपघात विमा, चारही लेखी घ्या. तोंडी सांगितलेला पेट्रोल भत्ता पुढे हमखास वादात अडकतो. नोंदणी, लॅपटॉप किंवा ट्रेनिंगसाठी आधी पैसे मागितले तर ती फसवणूकच. तिथेच बोलणं थांबवा.