पोहणे आणि पोहल्यानंतरची भूक

साठीनंतर तीन महिने नियमित पोहूनही वजन उतरले नाही, अशी तक्रार एकाने केली आहे. त्याचे कारण तलावात नसून बाहेर आल्यावर लागणाऱ्या भुकेत असावे, असे मला वाटते.

मी स्वतः एकसष्टाव्या वर्षी सोलापुरात पोहायला शिकलो. पहिले पंधरा दिवस हातून कठडा सुटत नव्हता. तोंड बुडवून पाण्यात श्वास सोडणे जमले, तेव्हा कुठे पाय आपोआप वर आले. गळ्यापर्यंतच्या पाण्यात शरीराचा सुमारे ९० टक्के भार पाणीच पेलत असल्याने जिना चढताना कुरकुरणारे माझे गुडघे तेथे अजिबात दुखत नाहीत. मात्र गार पाण्यातून आल्यावर भूक खवळते, आणि शेंगाचटणी, वर तेल, अशा दोन कडक भाकऱ्या मी सहज संपवीत असे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात, तेव्हा पोहून खर्चिलेले सारे तेथेच भरून निघत होते. आता मी आधी ताक व काकडी घेतो, अर्ध्या तासाने एकच भाकरी खातो, आणि कंबरपट्टा दोन भोके आत आला आहे.

पोहण्याने हाडांवर भार येत नाही, म्हणून आठवड्यातून काही दिवस चालणेही अवश्य ठेवावे. रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.