परदेशातले फ्लॅटमालक आणि गावातले प्रकल्प: मत कोणाचं, बिल कोणाचं?

खाजनकाठ
गोव्यात बार्देश-तिसवाडीतल्या नव्या संकुलांकडे जुलैत दिवेलागणीला बघा, मजल्यामागून मजले काळोखात असतात. मालक मस्कत, दुबई, टोरांटो, स्विंडनला. त्याबद्दल तक्रार नाही, पोटापाण्यासाठी गोंयकार पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जातोच. पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पर्वरीचा उड्डाणपूल, मोपा विमानतळाचे जोडरस्ते, मडगावची बगलवाट हे विषय निघाले की बाहेरून एकच सूर येतो: गावकऱ्यांनी अडवू नये, विमानतळावरून घरी पोचायला वेळ लागतो.

वर्षातून तीन आठवडे येणाऱ्याला रस्ता म्हणजे वेळ. तिथेच राहणाऱ्याला तो पाण्याची वाट अडवणारा बांध असू शकतो. मडगावच्या पश्चिम बगलरस्त्याला बाणावलीत साळ नदीच्या पूरक्षेत्रातून मातीचा भराव नको, खांबांवर रस्ता न्या, एवढंच लोक मागत होते. रस्ता नकोच असं कोणी म्हणत नव्हतं. पर्वरीत 2025 मध्ये उड्डाणपुलासाठी खाप्रेश्वराचा वड उपटून दुसरीकडे लावला, तेव्हाही हेच झालं. ज्यांचं ते दैवत होतं ते रस्त्यावर उतरले आणि बाहेरून "विकास थांबवू नका" असे संदेश आले.

माझी दोन मतं आहेत. गावातल्या प्रकल्पावर तिथे राहणाऱ्याचा शब्द आधी. आणि फ्लॅट बंद असतो म्हणून मेंटेनन्समध्ये सूट मागणं चूक आहे, ती कोणत्याही सोसायटीने देऊ नये.

मस्कत-म्हापसा
दुसरा मुद्दा वादाचा आहे, पहिला मला मुळीच मान्य नाही.

बंद फ्लॅट पाणी वापरत नाही, कचरा करत नाही. 2009 च्या पायाभूत सुविधा कर कायद्याप्रमाणे बांधकामाच्या दर चौरस मीटरला कर आधीच वसूल झालेला असतो. भरतो बिल्डर, पण शेवटी तो फ्लॅटच्या किमतीतूनच जातो. हा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो, पंचायतीच्या खात्यात नाही. गावाची जलवाहिनी तशीच राहिली तर जाब सरकारला विचारा. शिवाय वर्षाची घरपट्टी आम्ही पंचायतीत भरतोच.

जमिनीचा झोन (शेती, वस्ती असा ठरलेला वापर) बदलला कोणी? फ्लॅट घेणाऱ्याने नाही. नगरनियोजन कायद्यात झोन बदलू देणारी कलमं, 2023 मध्ये 17(2) आणि 2024 मध्ये 39अ, घातली ती सरकारने. 17(2)चे नियम उच्च न्यायालयाने 2025 च्या मार्चमध्ये रद्द केले, त्याआधी बदल होतच होते. 39अ खाली झोन बदलाचा प्रस्ताव आला की हरकतींना 30 दिवस मिळतात. त्या मुदतीत सर्व्हे नंबर टाकून लेखी हरकत कोणीही पाठवू शकतो, मस्कतहूनसुद्धा. मग राहणारा-न राहणारा ही फाळणी कशाला? गावातलीच माणसं उठून शेत विकतात, तेव्हा त्यांच्या मताला वजन द्यायचं का?

कागद-पत्र
"मत" हा शब्द दोन अर्थांनी फिरतोय, म्हणून आधी कायदा.

ग्रामसभेत बसायला पंचायतीच्या मतदार यादीत नाव लागतं. भारतीय पासपोर्ट असलेला परदेशस्थ फॉर्म 6-अ भरून विधानसभेच्या यादीत नाव घालू शकतो, पण मत द्यायला स्वतः यावं लागतं. पोर्तुगीज किंवा दुसरा पासपोर्ट घेतलेल्याला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी मताचा हक्क नाही. त्याला फ्लॅट घेता येतो, शेतजमीन, बागायत आणि फार्महाउस विकत घेता येत नाही.

सोसायटीतलं मत वेगळं. महाराष्ट्रातून येणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. तिकडे जमीन-इमारतीचं कन्व्हेयन्स (मालकी हस्तांतर) सोसायटीच्या नावे होतं. गोव्यात सेल डीड थेट खरेदीदाराच्या नावे, जमिनीतल्या अविभक्त हिश्श्यासकट होतं, आणि नंतर बहुधा "हाउसिंग मेंटेनन्स सोसायटी" नोंदवतात. ती देखभाल बघते, जमिनीची मालक नसते. म्हणून सामाईक जागा, कूपनलिका, सांडपाणी प्रकल्प आणि ट्रान्सफॉर्मरची जागा नेमकी कोणाच्या नावे आहे हे डीडच्या परिशिष्टात वाचा. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम 17 प्रमाणे सामाईक जागा मालकांच्या संघाकडे यायला हवी. प्रत्यक्षात ती बिल्डरकडेच राहिली की पुढे तिथे आणखी एक इमारत उभी राहते.

बाहेर असणाऱ्याने घेण्याआधी हे मागावं: एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा), शहरी भागात असेल तर फॉर्म डी, सनद (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला), नगरनियोजन खात्याचा तांत्रिक दाखला, पंचायतीचा बांधकाम परवाना, कंप्लीशन ऑर्डर, ऑक्युपन्सी आणि आरोग्याधिकाऱ्याचा ना हरकत दाखला. उताऱ्यावर कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) म्हणून कोणाचं नाव असेल तर तिथेच थांबा. विकणारा गोव्याच्या समाईक मालमत्तेच्या कायद्याखाली येत असेल तर नवराबायको दोघांची सही लागते, एकाच्या सहीचा दस्त पुढे अडकतो. परदेशातून पाठवलेली पॉवर ऑफ ॲटर्नी भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत स्टँप करून घ्या.

ब्लोअरवाला
बंद फ्लॅटचा भार शून्य, हे पाण्याच्या टाकीपुरतं खरं. सांडपाणी प्रकल्पात उलटं होतं. खाजनकाठ यांचा दुसरा मुद्दा बरोबर आहे. त्याचं कारण त्यांनी दिलेलं नाही, म्हणून ते मी लिहितो.

60 फ्लॅट, फ्लॅटमागे 5 माणसं, माणशी 135 लिटर धरलं तर दिवसाला 40,500 लिटर पाणी. त्यातलं सुमारे 85 टक्के सांडपाणी होतं, म्हणून प्रकल्प 35 घनमीटरचा बांधतात. पावसाळ्यात 12 फ्लॅट उघडे आणि घरात 3 माणसं असली तर प्रकल्पात येतं जेमतेम 4 घनमीटर, क्षमतेच्या आठव्या हिश्श्याहून कमी.

ब्लोअर नावाचं यंत्र जिथे पाण्यात हवा फुंकतं त्या, म्हणजे हवेच्या टाकीतले जिवाणू या मैल्यावर जगतात. खाणं तुटलं की ते मरतात, गाळ विरळ होतो. तिकडे येणारं सांडपाणी आधी साठवणारी समतोल टाकी 12 घनमीटरची असेल तर ती भरायला तीन दिवस लागतात, तोवर आतलं पाणी काळं पडून सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. मग रहिवासी ओरडतात, समिती वीज वाचवायला ब्लोअर बंद करते आणि उरलेसुरले जिवाणूही जातात. 24 डिसेंबरला सगळे फ्लॅट एकदम भरतात. प्रकल्प तेव्हा नावापुरताच असतो. सँड फिल्टर तासाभरात चोंदतो, ऑपरेटर बायपासचा व्हॉल्व्ह फिरवतो आणि मैला मागच्या व्हाळात (ओढ्यात) जातो. व्हाळ खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या सखल शेतात जातो.

हे टाळता येतं. समतोल टाकीतला फ्लोट स्विच खाली आणा, म्हणजे थोडं थोडं पाणी रोज पुढे जाईल. ब्लोअरला टायमर लावा, एक तास चालू, एक तास बंद. दोन तासांहून जास्त बंद कधीच नको. 3 एचपीचा ब्लोअर चोवीस तास चालला तर साधारण 53 युनिटं जातात, टायमरने निम्मी. पावसाळ्यात जादा गाळ काढणं थांबवा. आणि एक लिटरचं काचेचं मोजपात्र घ्या. हवेच्या टाकीतलं पाणी त्यात भरून अर्धा तास न हलवता ठेवा. तपकिरी गाळ खाली बसून 250-300 मिलिलिटरवर रेघ दिसली आणि वरचं पाणी नितळ असलं तर प्रकल्प जिवंत आहे. रेघ शंभराच्या खाली असेल तर नोव्हेंबरच्या मध्यात चालत्या प्रकल्पातून चार-पाच हजार लिटर गाळ टँकरने आणून घाला. पंधरा दिवसांत तो बाळसं धरतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आणून उपयोग नाही.

नवीन संकुल असेल तर बिल्डरकडून 35ची एक टाकी घेऊ नका, 15 आणि 20च्या दोन ओळी मागा. पावसाळ्यात एकच चालवता येते.

तर ऑपरेटर, वीज, पंपाची दुरुस्ती यातलं काहीच फ्लॅट बंद ठेवून कमी होत नाही. सूट कशावर द्यायची?

मस्कत-म्हापसा
ब्लोअरवाला, हिशेब पटला. सूटीचा मुद्दा मागे घेतो. पण याच हिशेबात दुसरी गोष्ट दिसते: डिसेंबरात प्रकल्प बुडवतात ते रोजच्या भाड्याने दिलेले फ्लॅट. दोन बेडरूममध्ये आठ माणसं. त्यांना मेंटेनन्स तेवढंच का?

सासष्टी
त्यातले कितीतरी मालकही बाहेरचेच असतात, हे मान्य करा. चावी एजन्सीला, पैसे खात्यात. पर्यटकांना भाड्याने द्यायचं तर 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी हवी. सोसायटीने नोंदणीची प्रत मागावी, नसेल तर खात्याला कळवावं. बाब, एवढं एक पत्र लिहायला ग्रामसभा लागत नाही.

पण पहिल्या मुद्द्यावर मी खाजनकाठबरोबर आहे. 30 दिवसांत हरकत घालता येते हे कागदावर. ती जागा डोळ्यांनी पाहिलेली नसेल तर हरकतीत लिहिणार काय? मानशीतून (बांधातल्या पाणदारातून) भरतीचं पाणी कुठवर येतं, कोणत्या शेतातून पावसाचा लोट जातो, हे नकाशात सापडत नाही.

टोरांटो-ताळगाव
सासष्टी, बरोबर. म्हणूनच बाहेरच्या माणसाने लोटाचा मार्ग सांगू नये. पैशाची शिस्त मात्र तो सांगू शकतो, कारण ती तो रोज पाहतो. कॅनडातल्या ऑन्टारिओत प्रत्येक कॉन्डोमिनियमला (आपल्या फ्लॅटच्या संकुलासारखं) राखीव निधीचा अभ्यास करावा लागतो आणि तो दर तीन वर्षांनी नव्याने करावा लागतो: छप्पर कधी बदलायचं, लिफ्ट कधी, पाइप कधी, त्यासाठी दरवर्षी किती साठवायचं. घेणाऱ्याला स्टेटस सर्टिफिकेट मिळतं, त्यात निधी किती आणि कोर्टात काय चाललंय हे लिहिलेलं असतं. इथे बिल्डर ताब्याच्या वेळी दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतो. तो संपला की एकदम मोठी वर्गणी निघते आणि भांडण लागतं.

समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरात खारं वारं लोखंड खातं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचे पाइप, पंपाचं पॅनेल यांचं आयुष्य कॅनडातल्या तक्त्याने मोजता येणार नाही हे कबूल. पण तक्ता हवाच. पाच वर्षांपर्यंतचा बांधकामातला दोष रेरा कायद्याने बिल्डरने विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. पाचवं वर्ष उलटण्याआधी इंजिनियर आणून गच्ची, कॉलम आणि सांडपाणी प्रकल्प तपासून लेखी तक्रार दिली तर खर्च वाचतो. बहुतेक सोसायट्या सातव्या वर्षी जाग्या होतात.

खाजनकाठ
टोरांटो-ताळगाव यांची सूचना घ्यावी. मस्कत-म्हापसा यांचं एक मान्य: शेत विकणारा गावातला असला म्हणून त्याचं मत पवित्र ठरत नाही. पण म्हणून अंतर पुसलं जात नाही. पेडणे, बार्देशात पाणी तिळारीच्या कालव्यावरही अवलंबून आहे. कालवा फुटला की चांदेल, अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पांवरचे नळ कोरडे पडतात. तेव्हा संकुल टँकर मागवतं, आणि शेजारच्या वाड्याला ते परवडत नाही. गावकरी नव्या संकुलाला विरोध करतो तो याच दिवसाच्या आठवणीने. बाहेरून "टँकर मागवा की" म्हणणाऱ्याला हे दिसत नाही.

बंद फ्लॅटवाल्यांनी निदान तीन गोष्टी कराव्यात. जाताना फ्लॅटचा मुख्य कॉक बंद करा, नाहीतर कडक झालेला वॉशर फुटून खालच्या घराचं छत जातं. न्हाणीच्या ट्रॅपमधलं (जाळीखाली पाणी धरून वास अडवणाऱ्या भागातलं) पाणी काही आठवड्यांत सुकतं आणि गटाराचा वास, झुरळं घरात येतात. महिन्यातून एकदा कोणाला तरी चावी देऊन प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायला सांगा, वर चमचाभर खोबरेल टाकलं तर ते हळू सुकतं. आणि चावी कोणाकडे आहे ते सोसायटीला लेखी द्या.

कागद-पत्र
सभेबद्दल राहिलं. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर घ्यावी लागते आणि मालक बाहेर असल्याने गणसंख्या होत नाही. उपविधी वाचा, सहकारी सोसायट्यांत प्रॉक्सी सहसा चालत नाही. वाट अशी की गोव्यात राहणाऱ्या भावाला, आईला सहयोगी सभासद करून घ्यायचं. त्याचा अर्ज सभेच्या नोटिशीआधी द्या, नंतर दिला तर त्या सभेला उपयोग नाही.

मस्कत-म्हापसा
तर येत्या सभेपुढे हे ठेवूया: बंद फ्लॅटला सूट नाही, भाड्याच्या फ्लॅटला नोंदणीची प्रत सक्तीची, बायपास व्हॉल्व्हला सील, आणि मोजपात्रातला आकडा दर सोमवारी ग्रुपवर फोटोसकट. फोटो आला तर मस्कतमध्ये बसूनसुद्धा कळेल व्हाळात काय जातंय.

ब्लोअरवाला
फोटो काढताना पात्रामागे पांढरा कागद धरायला सांगा. नाहीतर रेघ दिसत नाही.