बसस्थानकाजवळ झोपणाऱ्यांना नेमकी मदत कशी करायची?

गल्लीकर
बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ दुकानांच्या कट्ट्यावर रात्री आठ-दहा जण झोपतात. थंडीत मंडळातर्फे काहीतरी करावं म्हणतोय, पण बैठकीत ज्याचं त्याचं वेगळंच. कोण म्हणतं सगळे दारुडे, कोण म्हणतं निवारा केंद्र असताना तिथं का जात नाहीत. त्यातला एकजण दिवसभर स्वतःशीच पुटपुटतो, त्याला पोलिसांकरवी उचला असंही निघालं. माहीतगारांनी सांगावं.

मार्केट यार्ड
दादा, पहाटे साडेपाचला त्या कट्ट्यावर एक फेरी मारा. निम्मा कट्टा रिकामा दिसेल. कोण हमालीला गेलेला असतो, कोण भंगार वेचायला, कोण लग्नसराईत केटररकडं भांडी घासायला. काम आहे, पण खोली नाही. कारण खोलीला डिपॉझिट लागतं, आधार लागतं, ओळखीचा माणूस लागतो. रोजावर जगणाऱ्याकडं तिन्ही एकदम कुठनं येणार?

निवाऱ्याचं म्हणाल तर नियम असा, की शहरात एक लाख वस्तीमागे निदान १०० जणांची सोय हवी, माणशी ५० चौरस फूट जागा, आणि वर्षभर चोवीस तास उघडं. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहर ४ लाख ८८ हजारांचं होतं. म्हणजे शंभर-शंभर जणांचे पाच निवारे हवेत. बरं, जागा असली तरी अडचणी आहेतच. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं. भंगारवाल्याची गोणी आत घेत नाहीत, आणि बाहेर ठेवली तर सकाळी ती जागेवर नसते. ती गोणी म्हणजे त्याची दिवसाची मजुरी आहे हो. त्याला आळशी म्हणू नका.

एक राहिलं. सगळे भीक मागतात हाही गैरसमजच. कर्नाटकात १९७५ च्या कायद्यानं भीक मागणाऱ्याला पकडून केंद्रात ठेवता येतं, त्यासाठीच घरपट्टीवर ३ टक्के उपकर आहे. नुसतं उघड्यावर झोपणं म्हणजे भीक नव्हे. ‘भिकारी बसलेत’ अशी तक्रार दिली की कामाचा माणूससुद्धा उचलला जातो.

आरोग्यसेविका
पुटपुटणाऱ्याबद्दल सांगते. आधी त्याच्याशी मराठी, कन्नड, हिंदी, जमलं तर तेलुगूतही बोलून बघा. आपल्या सीमाभागात भाषा न कळल्यामुळंच कितीतरी जण वेडे ठरतात. खरंच आजारी वाटला तर ११२ ला फोन करा आणि ‘मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम १००’ असं स्पष्ट सांगा. त्यानुसार पोलिसांनी २४ तासांच्या आत त्याला सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं, कोठडीत कधीही ठेवायचं नसतं. आणि बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा असतो. हे शेवटचं बहुतेक राहून जातं, म्हणून तुम्हीच आठवण करा. पुढच्या उपचारांना जवळची मोठी संस्था म्हणजे धारवाडचं मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय, डिमहान्स.

रस्त्यात पडलेला प्रत्येकजण प्यालेला नसतो. साखर उतरलेली असते, फिट आलेली असते, डोक्याला मार असतो. दारूचा वास आला तरी बाकीचं काही नाही असं समजू नका. हाक मारून उठत नसेल तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी घालू नका, १०८ बोलवा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच तीन चमचे साखर पाण्यातून द्या.

पाच-सहा दिवस उपाशी असलेल्याला लग्नातलं उरलेलं पोटभर वाढू नका. एकदम जेवण पडलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपकन उतरतं आणि हृदयावर येतं. अर्धी वाटी पेज द्या आणि दवाखान्यात न्या.

गल्लीकर
ताई, हे कुणालाच माहीत नव्हतं. मग ब्लँकेटं वाटू की नको?

मार्केट यार्ड
वाटा, पण आधी अंथरायला द्या. थंडी फरशीतून वर येते. माणशी सहा बाय चार फूट ताडपत्री, त्यावर पोतं, मग ब्लँकेट. नुसतं ब्लँकेट दवानं ओलं होतं, दिवसा ठेवायला जागा नसते, म्हणून टाकून दिलं जातं. लोक म्हणतात विकलं. नाडीची पिशवी बरोबर द्या, खांद्याला अडकवता येते. वाटताना फोटो नको.

मतदार यादीचंही करा. नाव नोंदवायच्या अर्जात, म्हणजे नमुना ६ मध्ये, माणूस झोपतो तीच जागा पत्ता म्हणून लिहायची, पत्त्याचा पुरावा लागत नाही. मतदार यादीचं काम बघणारे अधिकारी (बीएलओ) रात्री येऊन तो तिथं झोपतो का बघतात, एकापेक्षा जास्त रात्री. तेवढ्या रात्री वॉचमनला सांगून ठेवा, कट्ट्यावरून हाकलू नको म्हणून.