सोलो रेकॉर्डिंगला हार्प्सिकॉर्ड घ्यायचा तर मॉडेलिंगचाच, सॅम्पलवाला नको. पटत नसेल तर भांडा

विश्रामबागकर
मंडळी, गेले सहा महिने डोक्यात एकच खूळ आहे, अठराव्या शतकातल्या स्कार्लाटी या इटालियन संगीतकाराच्या सोनाटा, म्हणजे हार्प्सिकॉर्डसाठीच्या छोट्या रचना, घरी रेकॉर्ड करायच्या, सोलो, मागे दुसरं काही नाही, आणि खरा हार्प्सिकॉर्ड सांगलीत कुठनं आणणार, म्हणून कॉम्प्युटरवरचा. ज्यांना हे वाद्य माहीत नाही त्यांच्यासाठी: पियानोत हातोडी तारेवर आपटते, इथे पट्टी दाबली की मागे एक लाकडी काडी वर जाते, तिला जॅक म्हणतात, आणि तिच्यात बसवलेली नखी तार छेडते. सतारीसारखंच, फक्त नखी बोटात नाही. पूर्वी ही नखी पक्ष्याच्या पिसाची असायची, आता बऱ्याच ठिकाणी डेलरिन नावाचं प्लास्टिक असतं. जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज जवळजवळ तेवढाच.

आता माझं मत. बाजारात दोन जाती आहेत. एक सॅम्पलवाली, म्हणजे कुणीतरी खऱ्या वाद्याचा एकेक सूर रेकॉर्ड करून ठेवलाय, कित्येक जीबीची लायब्ररी. दुसरी मॉडेलिंगवाली, म्हणजे तार, तारांखालची आवाज घुमवणारी फळी, नखी यांचं गणित कॉम्प्युटर तिथल्या तिथे करतो, उदाहरणार्थ फ्रान्सच्या मोडार्टचं पियानोटेक. माझ्या कानाला सॅम्पल पहिली दोन मिनिटं जबरदस्त वाटतं आणि तिसऱ्या मिनिटाला फोटोंचा अल्बम चाळल्यासारखं. प्रत्येक सूर सुंदर, पण एकमेकांशी बोलत नाहीत. खऱ्या वाद्यात एक तार वाजली की ज्या तारा मोकळ्या आहेत त्या पण हलकं गुणगुणतात. ऑर्केस्ट्रात मागे कुठेतरी हार्प्सिकॉर्ड हवा असेल तर काहीही चालेल हो, सोलोत लपायला जागाच नाही.

मिरजेचा भोपळा
चूक. साफ चूक.
मी सतारमेकर गल्लीत वाढलोय. एकाच वाफ्यातले दोन भोपळे, एकाच कारागिराचा हात, एकाच दिवशी जवारी काढलेली, म्हणजे तारेखालची घोडी घासून सूर झणझणीत केलेली, तरी दोन तंबोरे वेगळे बोलतात, आणि का ते माझ्या आज्ज्यालाही सांगता यायचं नाही. हे गणितात कसं बसवणार? सॅम्पलमध्ये निदान ते एक लाकूड, ती एक फळी, ते म्हातारपण जसंच्या तसं पकडलेलं असतं. तुमचं मॉडेलिंग म्हणजे आरओचं पाणी, तहान भागते पण विहिरीची चव नाही. 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो काय गणिताला मिळाला का?

विश्रामबागकर
दादा, जीआयचा मुद्दा इथे कुठनं आला 😀
पण ऐका, मॉडेलिंग हवेतनं करत नाहीत. पियानोटेकमधला एक हार्प्सिकॉर्ड अँटवर्पच्या रुकर्स घराण्यातल्या 1624 च्या वाद्यावरनं केलाय, ते फ्रान्समध्ये कोल्मारच्या म्युझियममध्ये आहे. म्हणजे तुमच्याकडे सतार करणारे शिकलगार तसे तिकडे रुकर्स, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. त्या एका वाद्याचा स्वभाव धरायचा प्रयत्न आहे, नुसता कागदावरचा हार्प्सिकॉर्ड नाही.

मिरजेचा भोपळा
प्रयत्न आहे म्हणालास ना, बास, तिथेच जिंकलो मी. आणि रुकर्सचंच काढलंस तर हे पण सांग की त्यांची कित्येक वाद्यं पुढे फ्रेंच कारागिरांनी उघडून मोठी केली, पट्ट्या वाढवल्या, पण जुनी फळी सोडली नाही. का सोडली नाही? आवाज फळीत असतो म्हणून.

हळदीचं पोतं
लका तुम्ही लोक काय नाद करताय राव. माझ्या कीबोर्डात सहा नंबरला हार्प्सिकॉर्ड टोन हाय, गणपतीत वाजवला तर लोक म्हनत्यात एक नंबर. ऐकणारा कोण हाय सांगलीत ह्याला?

विश्रामबागकर
भावा गणपतीत काहीही एक नंबरच वाजतं. पण तुझ्या त्या टोनमध्ये पट्टी जोरात मारली की आवाज मोठा होतो ना? इथेच तो हार्प्सिकॉर्ड राहत नाही. या वाद्यात जोर दाखवायला आवाजाची वाटच नाही, जे दाखवायचं ते सूर किती वेळ धरला, किती उशिरा सोडला, दोन सुरांत फट किती ठेवली, यातनं. व्हेलॉसिटी, म्हणजे दाबण्याच्या जोरावर आवाज बदलणं, पूर्ण बंद करून वाजवून बघ, आठवड्यात बोटं सुधारतात.

हळदीचं पोतं
बंद केलं. आता टिनाच्या डब्यावर पाऊस पडल्यासारखं वाजतंय. ठेवतो तसंच 😂

पेटीवाल्या काकू, सातारा
विश्रामबागकर, तुझी बाजू थोडी घेते, पण कारण तुझं नाही, माझं आहे. आवाजाचं सोड, सूर कसे लावणार ते सांग आधी. पेटीचा गंधार चढा का वाटतो, तर बारा सारख्या भागांत सप्तक कापल्यामुळे तो नैसर्गिक गंधारापेक्षा 14 सेंट वर जातो, सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला तो टोचतो, आणि हार्प्सिकॉर्डवर तर जास्तच, कारण त्याच्या सुरात वरचे स्वर भरपूर. स्कार्लाटीच्या काळात हे वाद्य सरसकट असं लावत नव्हते. सूर लावायच्या तेव्हाच्या पद्धती वेगळ्या, वेर्कमाइस्टर आहे, वालोत्ती आहे, त्याच्या आधीचं मीनटोन आहे, ज्यात आठ गंधार अगदी शुद्ध मिळतात पण एक पंचम असा बिघडतो की त्याला लांडगाच म्हणतात. स्कार्लाटी लांबलांबच्या स्केलमध्ये भटकतो, तेव्हा मीनटोन घेऊन बसलास तर लांडगा दारात येणार. वालोत्ती लाव. आणि वाद्य 415 हर्ट्झवर घे, म्हणजे त्यांचा सफेद सहा आपल्या काळी चारच्या जवळपास येतो, आवाज जरा सैल आणि उबदार होतो.

आणि हो, हा वाद आपल्याकडे नवा नाही बरं. आपल्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, आणि ई. क्लेमंट्स नावाचे आयसीएस जज्ज, या दोघांनी शंभर वर्षांपूर्वी 22 श्रुतींची पेटी करायचा घाट घातला होता, अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांना मोजमापाला होता. 1916 च्या बडोद्याच्या परिषदेत त्यावरनं चांगलीच जुंपली. तेव्हापण प्रश्न हाच की गळ्यातला सूर पट्टीत बसतो का. तुम्ही दोघं त्याचंच शेपूट धरून आहात.

रात्रपाळी_यवतेश्वर
काकू नमस्कार, इतिहास भारी, पण ट्यूनिंग हा मॉडेलिंगच्या बाजूचा मुद्दा होतच नाही. चांगल्या सॅम्पल लायब्ररीत पण ट्यूनिंगचं टेबल बदलता येतं. सूर चारपाच सेंट सरकवला म्हणून फळीचा आवाज बिघडला असं कोणी म्हणत असेल तर त्याने मला डोळे मिटून ओळखून दाखवावं. पूर्ण अर्धा सूर ओढलात तर गोष्ट वेगळी.

मी भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं करतो, हार्प्सिकॉर्ड आयुष्यात प्रत्यक्ष पाहिलेला नाही, तरी सांगतो. खरं खोटं कळतं ते सूर संपताना. पट्टी सोडली की जॅक खाली पडतो, नखी तारेला परत घासून जाते, मग वरचं फेल्ट तार दाबतं. खिट्ट असा बारीक आवाज. चांगल्या सॅम्पलमध्ये हे सुटण्याचे आवाज वेगळे रेकॉर्ड केलेले असतात, खऱ्या लाकडाचे, खऱ्या खोलीतले. मॉडेलमध्ये तो आवाज कमीजास्त करायची पट्टी देतात आणि नवशिका ती फुल्ल करतो, मग गाणं कमी आणि सुतारकाम जास्त. त्यात लोक वर मोठ्या चर्चचं रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, ओततात. अरे हे दिवाणखान्यातलं वाद्य आहे.

माझं मत सॅम्पलला. कोरडं रेकॉर्ड केलेलं घ्या, आठफुटीचे, म्हणजे नेहमीच्या उंचीच्या तारांचे, दोन्ही संच आणि एक सप्तक वरचा चारफुटी वेगवेगळे दिलेत का बघा, लहान खोलीचं रिव्हर्ब, संपला विषय.

विश्रामबागकर
सुटण्याच्या आवाजाचं शंभर टक्के मान्य, पण तिथेच सॅम्पल मला फसवतं. सूर सुरू होऊन किती वेळ झाला त्यावर तो खिट्ट वेगळा यायला पाहिजे ना. आत्ता छेडलेली तार दाबली तर वेगळं, विझत आलेली दाबली तर वेगळं. माझ्याकडच्या लायब्ररीत दोन्हीला सेम खिट्ट. स्कार्लाटीच्या के 141 या सोनाटात एकच सूर धडाधड परत परत वाजतो, तिथे तर शिलाई मशीन झालं. नाव घेत नाही कंपनीचं, पैसे गेले ते गेले.

रात्रपाळी_यवतेश्वर
मग ती लायब्ररी वाईट आहे, सॅम्पलिंग नाही. एका हॉटेलात मिसळ बिघडली म्हणून मिसळच सोडणार का.

मिरजेचा भोपळा
👆 हेच.
आणि तुझा कीबोर्ड कुठला आहे ते सांग आधी, मूळ दुखणं तिथेच असणार.

विश्रामबागकर
61 पट्ट्यांचा, हलका, स्प्रिंगवाला. आधी 88 चा वजनदार होता, विकला. पियानोची जड पट्टी हार्प्सिकॉर्डला बेकारच, बोट चिखलात रुतल्यासारखं. कूपराँ या फ्रेंच हार्प्सिकॉर्डवादकाने 1716 मध्येच लिहून ठेवलंय की लहान मुलांना हलक्या पिसांच्या वाद्यावर बसवा, नाहीतर बोटं ताठ होतात.
पण एक घोळ झाला, 61 पट्ट्या सी ते सी आहेत आणि मोठे फ्रेंच हार्प्सिकॉर्ड एफ ते एफ. पाच सप्तकं दोन्हीकडे, पण खालचा एफ माझ्याकडे नाहीच. तेवढ्यासाठी ऑक्टेव्हचं बटण दाबून ती ओळ वेगळी रेकॉर्ड करून जोडतो, हसू नका.

हळदीचं पोतं
88 चा विकला आन आता खालच्या एफसाठी रडतोय. सांगलीकर शोभतोस 🙏

पेटीवाल्या काकू, सातारा
मी एक विचारते, हेडफोनचा आवाज किती ठेवतोस? खरं वाद्य हळू असतं. खोलीत बोलणं चालू झालं तर दबून जाईल इतकं हळू. तुम्ही मुलं तो कानात पियानोएवढा मोठा करता आणि मग खिट्ट जास्त, शिलाई मशीन, फोटोंचा अल्बम. 2019 च्या पुरात सांगलीला भावाच्या घरी माझी पेटी भिजली, भाते कुजले, तेव्हा महिनाभर मोबाईलवरच्या तंबोऱ्यावर गायले. पहिले चार दिवस शिव्या घातल्या, मग आवाज निम्मा केला तर बसायला लागला. जवारी नव्हतीच, पण नसलेली टोचायची बंद झाली.

विश्रामबागकर
काकू, आत्ता करून बघितलं. निम्म्याहून कमी केला. सॅम्पलवालं खरंच बरं वाटलं, मान्य करायला जड जातंय. पण के 141 मधलं शिलाई मशीन तसंच आहे, फक्त शेजारच्या घरातनं ऐकू आल्यासारखं. मॉडेलिंगचा डेमो पण लावला, तो एका वेळी 20 मिनिटं चालतो आणि काही पट्ट्या मुक्या असतात, त्यामुळे स्कार्लाटी दात पडल्यासारखा वाजला, पण जिथे वाजला तिथे तारा बोलत होत्या. मत बदलत नाही.

मिरजेचा भोपळा
दात पडलेला चालतो पण शिलाई मशीन चालत नाही होय. बरं, रविवारी मिरजेला ये. तुझा लॅपटॉप आण, रात्रपाळीवाले, तुम्ही तुमची ती चांगली लायब्ररी घेऊन या, दुकानात स्पीकर आहे, हळू आवाजात लावू. वडलांना काही न सांगता ऐकवू, दिसत नाही त्यांना आता नीट पण तार कुठली चढली ते दारातनं सांगतात. फक्त अकराच्या आत या, त्यानंतर तंबोरे लावायला गिऱ्हाईक बसतं, मग कुणी खोकलेलं पण चालत नाही.

रात्रपाळी_यवतेश्वर
साडेनऊला पोचतो. के 141 ची मिडी फाईल, म्हणजे कुठली पट्टी कधी दाबली त्याची नोंद, आधी पाठव, दोन्हीकडे एकच वाजायला पाहिजे. आणि खिट्टची पट्टी मी लावणार, तू हात लावायचा नाही.