पट्टा मिळाला, पण नोंदणी झाली का?

‘पट्टा हाती आला की झोपडपट्टीवाल्यांचा प्रश्न मिटला’ असं बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. पट्टा म्हणजे झोपडी उभी आहे त्या जागेचा भाडेपट्टा, आणि वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्यानं सक्तीची आहे. सह्या झाल्यापासून 4 महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, न्यायचा. त्यानंतर दंड भरून आणखी 4 महिने, बस. आमच्या वस्तीत वाटप मंडप टाकून, हारतुरे घेऊन झालं, पण हे कुणी सांगितलंच नाही. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी पट्टा लॅमिनेशन करून देव्हाऱ्यात ठेवला होता. घरासाठी कर्ज मागायला गेल्या तर बँकेनं आधी नोंदणीचा शिक्का शोधला, तो नाही म्हटल्यावर कागद परत हातात दिला. आयुष्यभर राबून हे ऐकावं लागतं याचा फार राग येतो.

नागपुरात झुडपी जंगलाच्या (खुरट्या झुडपांची, कायद्यानं वनजमीन ठरलेली) जागेवर ज्यांची घरं आहेत त्यांचं आणखी अवघड. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निकालानंतर जागेचं वाटप 12 डिसेंबर 1996 च्या आधीचं की नंतरचं, यावर बरंच अवलंबून आहे. तेव्हा जुन्या टॅक्स पावत्या, लाईट बिलं, रेशनकार्ड रद्दीत घालू नका.