चौथी : तोंडी सगळं येतं, लेखीत अडतं. गुण कसे द्यायचे?

वारणाकाठ: जि.प. शाळा, वाळवा तालुका. वर्गातली एक मुलगी परिसर अभ्यासातलं सगळं तोंडी सांगते. लेखीत जोडाक्षरं सुटतात, वेळ संपतो. शिवाय दिवाळीनंतर बीडकडची ऊसतोड कामगारांची चार मुलं आलीत. तिला प्रश्न वाचून दाखवला तर बाकीच्यांवर अन्याय होतो का? आणि नव्या मुलांना त्याच पेपरवर कसं तोलायचं?

खडू_फळा: मॅडम, प्रश्नागणिक आधी ठरवा, तपासायचंय काय. शाब्दिक उदाहरण खुशाल वाचून दाखवा, गुण गणिताला आहेत. मराठीचा उतारा वाचून दाखवलात तर मात्र वाचनाची परीक्षाच उरत नाही. शुद्धलेखनाचे गुण मराठीत कापा. परिसर अभ्यासात ‘बाश्पीभवन’ लिहिलं तरी पूर्ण गुण.

चौथीला आकारिक (सत्रभर वर्गात चालणारं मूल्यमापन) 60, संकलित (सत्राअखेरची परीक्षा) 40 (तोंडी 10, लेखी 30). आकारिकमध्ये तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प अशी साधनं आहेत, पण बरेच जण हे सगळे रकाने वही बघूनच भरतात. मग लेखीचा फटका त्याच मुलीला दोनदा बसतो. जादा वेळेसाठी दिव्यांग परीक्षार्थींबाबतच्या केंद्राच्या 2018च्या सूचनांचं माप घ्या: तासाला 20 मिनिटं. दीड तासाच्या पेपरला अर्धा तास.

माणदेशी: वाचून दाखवताना उत्तर आवाजातून फुटतं. बरोबर पर्यायावर सूर नकळत चढतो, मुलं तो अचूक हेरतात. चारही पर्याय एका सुरात, दोनदा वाचा. लेखनिक दिलात तर मूल बोलेल तेच उतरवायचं. ‘असं म्हणायचंय का?’ विचारलं की उत्तर लेखनिकाचं झालं.

कराडकर_गुरुजी: ऊसतोडीच्या मुलांपुढं सरकत्या जिन्याची उदाहरणं नकोत, पण आपली उदाहरणंही तपासून घ्या. ‘फडात 12 कोयते आहेत, तर माणसं किती?’ त्यांच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उत्तर 24 आलं तर ते बरोबरच!

शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळेकडून मिळणारं कार्ड) असेल तर पहिल्याच दिवशी बघा. नसेल तर जुन्या शाळेला फोन करून पहिल्या सत्राच्या नोंदी मागवा. नोंद मिळाली नाही म्हणून शून्य भरू नका.

वारणाकाठ: आमच्याकडचे रकाने वहीवरूनच भरलेत, खरंय. तोंडीची नोंद कशी ठेवू?

खडू_फळा: रोज पाचच मुलं. नावापुढं एक ओळ, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत. ‘चांगले’, ‘बरे’ असले शेरे लिहिलेत तर सत्राअखेर गुण देताना काहीच हाती लागत नाही.